पहिली रोड सायकल: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ४३७ किलोमीटरच्या या शर्यतीच्या निमित्ताने वाकलेल्या हँडलच्या, सडपातळ टायरच्या सायकली पुणे जिल्ह्याच्या गावागावांतल्या लोकांनी अगदी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिल्या. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता. त्यामुळे ‘आपणही एक घ्यावी का?’ हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत चर्चेला आहे. पण दुकानात पाऊल टाकलं की ग्रुपसेट, कंपॅक्ट क्रँक, हायड्रॉलिक डिस्क, कार्बन फोर्क असे शब्द अंगावर येतात, आणि माणूस एक तर सगळ्यात स्वस्त सायकल उचलतो नाहीतर सगळ्यात चकचकीत.

माझं मत आधीच सांगते. नवख्याने पैसे घालावेत ते अंगाला लागणाऱ्या आणि रस्त्याला टेकणाऱ्या गोष्टींवर: योग्य माप, सीट, पॅडची चड्डी, हेल्मेट, टायर. चढावर पाय चालत राहतील एवढा हलका गिअरही त्यातच धरा. बाकी सगळं नंतर बदलता येतं.

रोड सायकल वेगळी कशामुळे?

सपाट रस्त्यावर आपली बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. ताशी १५ किलोमीटरला ते फारसं जाणवत नाही. पण वेग वाढला की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो. ताशी २० वरून ३० वर जायचं, म्हणजे वेग फक्त दीडपट करायचा, तर हवेशी झगडायला लागणारी ताकद तिपटीहून जास्त होते. आणि या अडथळ्यात मोठा वाटा सायकलचा नसतो, आपल्या शरीराचा असतो. वाकलेलं हँडल असतं ते यासाठी. छाती पुढे झुकते, वाऱ्याला कमी अंग मिळतं, शिवाय हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात. दोन तासांनी पंजे आखडायला लागले की या जागा बदलण्याचं मोल कळतं.

‘साधी सायकल आहे की घरात, मग ही कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. रोज ऑफिसला जायचं, मंडईत जायचं, रविवारी दहा-पंधरा किलोमीटर फिरून यायचं, एवढंच असेल तर सरळ हँडलची हायब्रिड सायकल पुरते, किंबहुना गर्दीत तीच सोयीची. रोड सायकल घ्यावी ती चाळीस-पन्नास किलोमीटर आणि पुढची अंतरं खुणावत असतील तेव्हा.

आधी माप, मग मॉडेल

रंग, कंपनी, सवलत यांच्याआधी विचारायचा प्रश्न एकच: माझ्या मापाची फ्रेम आहे का? सवलतीत मिळते म्हणून एक माप मोठी सायकल घेतली की मान आखडते, मनगटं बधिर होतात, आणि तीन महिन्यांत ती गॅलरीत कपडे वाळवायच्या कामी येते. असं होताना मी इतक्यांदा पाहिलं आहे की या मुद्द्यावर मी हट्टी झाले आहे.

घरीच माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पायांत साधारण वीतभर अंतर ठेवा, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे वर घट्ट दाबून धरा (सीट जशी टेकते तसं) आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा. ही तुमच्या पायाची आतली लांबी. तिला ०.८८३ ने गुणलं की पायडलचा दांडा ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिळतं. आतली लांबी ८० सेंटिमीटर असेल तर सीट सुमारे ७०.६ सेंटिमीटरवर. हा आकडा सुरुवातीपुरता. पुढे अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे होतोच. पडताळा सोपा आहे: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली आणा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्याला हलका वाक राहतो, आणि तो तसाच हवा असतो.

आपल्याकडे लहानपणापासून ‘दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ या हिशेबाने सीट खाली ठेवायची सवय असते. त्या उंचीवर लांब पल्ला मारला की गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागतं आणि दोष बिचाऱ्या सायकलिंगला जातो. रोड सायकलवर थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं. आठवडाभरात अंगवळणी पडतं.

उंचीइतकीच लांबीही बघायची, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतची. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून बसा. कोपर किंचित वाकलेलं, खांदे सैल, आणि मान न ताणता समोरचा रस्ता दिसतोय? मग ठीक. हात काठीसारखे ताठ होत असतील तर फ्रेम लांब आहे. हँडल फ्रेमला जोडणारा आडवा तुकडा, म्हणजे स्टेम, एक-दोन सेंटिमीटरने आखूड बसवून थोडी दुरुस्ती होते. चुकीची फ्रेम मात्र स्टेमने बरोबर होत नाही. ५२, ५४ हे फ्रेमच्या मापाचे आकडे कंपन्यांगणिक वेगळे पडतात, त्यामुळे मित्राला ५४ बसते म्हणून तुम्हालाही बसेल असं धरू नका. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्यांना, त्यातही बायकांना, लहान मापं दुकानात सहसा तयार मिळत नाहीत. मागवून घ्या, वाट बघा. दुकानदाराने ‘सीट खाली करून देतो, चालून जाईल’ म्हटलं तर दुसरं दुकान गाठा.

किती गिअरची घ्यावी?

आकड्याला भुलू नका. पुढे तीन आणि मागे आठ चक्रं असली की जाहिरातीत २४ गिअर लिहितात, पण त्यातले बरेच एकमेकांसारखेच असतात. विचारायचं ते हे: सर्वांत हलका गिअर किती हलका आहे?

पायडलपाशी असतं ते दातेरी चक्र म्हणजे चेनरिंग आणि मागच्या चाकावरचा चक्रांचा जुडगा म्हणजे कॅसेट. नवख्यांच्या रोड सायकलींवर पुढे बहुधा ५० आणि ३४ दात्यांची जोडी येते. मागचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं आहे, ३२ चं आहे की ३४ चं, यावर सिंहगडाच्या घाटात तुम्ही सीटवर असणार की सायकल हातात धरून चालणार, हे बऱ्याच अंशी ठरतं.

हिशेब करून बघू. रोड सायकलचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. पुढे ३४, मागे २८ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे जेमतेम बरी लय, धरली तर ताशी सव्वानऊ किलोमीटर वेग होतो. माणूस, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो वजन ८ टक्के चढावर (१०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर) या वेगाने चढवायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १७० वॅट लागतात. मागे ३४ दाते असते तर त्याच लयीत ताशी साडेसातच्या आसपास वेग आणि १४० वॅट. कागदावर हा फरक तीसच वॅटचा दिसतो. पण सराव नसलेल्या माणसाला अर्धा तास १४० वॅट काढणंसुद्धा कष्टाचं असतं, १७० तर दहा मिनिटांत दम काढतात. मग लय तुटते आणि माणूस उभा राहून पायडल दाबायला लागतो.

विहिरीवरून पाणी आणताना भरलेला हंडा एकदम उचलायचा की दोन कळश्या दोन खेपांत आणायच्या, तसंच हे आहे. पाणी तेवढंच येतं, पण कंबर शाबूत राहते. ‘हलका गिअर म्हणजे कमकुवतपणा’ अशी समजूत असणाऱ्यांना एवढंच सांगेन की जगातले उत्तम घाटवीरही चढावर हलका गिअर लावून भरभर पाय फिरवतात.

तेव्हा मागे ३२ किंवा ३४ मागा. सायकलवर २८ असेल तर कॅसेट बदलून मिळते का विचारा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा लोंबता भाग, तेवढं मोठं चक्र पेलतो का तेही दुकानदाराकडून खात्री करून घ्या. शिमानो कंपनीचा क्लॅरिस हा मागे आठ चक्रांचा गिअर-संच (ग्रुपसेट) सुरुवातीला उत्तम चालतो. त्याच्या वरचे सोरा, टियाग्रा, १०५ हे संच अधिक हलके, बदलायला अधिक नितळ. पैसे मोकळे असतील तर जरूर घ्या, पण त्यासाठी माप सोडू नका.

आपल्या खड्ड्यांत हे पातळ टायर टिकतील?

टिकतात, जर रुंदी आणि हवा नीट ठेवली तर. पूर्वी २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून वापरायची रीत होती. आता शर्यतीतले लोकही २८ आणि त्याहून रुंद टायर लावतात, कारण खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर उड्या मारतो आणि त्या उडीत ताकद वाया जाते. आपल्या रस्त्यांसाठी मी २८ ला किमान मानते, ३२ बसत असेल तर आणखी चांगलं. सायकल घेताना फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यात, ३२ चा टायर मावतो का हे विचाराच.

हवेचा अंदाज: ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये साधारण ७० ते ८० पीएसआय, ३२ मध्ये ५५ ते ६५, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी. टायरच्या कडेवर कमाल मर्यादा छापलेली असते, ती ओलांडायची नाही. बोटाने दाबून काही कळत नाही, म्हणून मीटर असलेला उभा पंप घरात हवा. या सायकलींच्या ट्यूबमधली हवा आपसूक कमी होत जाते, आठवड्यातून एकदा तरी भरावीच लागते. हवा कमी असताना खड्डा लागला की ट्यूब रिम आणि टायरच्या मधे चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

इथे नवख्यांना एक धक्का बसतो. रोड सायकलच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो: बारीक, लांब, टोकाला छोटा स्क्रू असलेला. पेट्रोल पंपावरचं किंवा पंक्चरवाल्याचं नोजल त्याला बसत नाही. सुपारीएवढाही नसलेला एक पितळी अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवर फिरवून बसवला की नोजल लागतं. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू, पण कुठल्याही गावात तुमची सुटका करते. एक अडॅप्टर सीटखालच्या पिशवीत कायमचा ठेवा. मात्र कॉम्प्रेसरने भरताना थोडी थोडी भरायला सांगा, या ट्यूबमध्ये हवा मावते फार कमी आणि दाब पटकन चढतो.

पंक्चर काढणं घरी बसून दोनदा करून बघा, मग रस्त्यावर भीती राहत नाही. सोबत एक नवी ट्यूब, टायर सोडवायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप, एलन की (षटकोनी टोकाची चावी) आणि पॅचचं पाकीट एवढं पुरतं. चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली की घाईने नवी घालू नका. जुनीत हवा भरून भोक शोधा, ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरशी जुळवा, आणि टायरच्या आतून त्या जागी बोट अगदी सावकाश फिरवा. बाभळीचा काटा असेल तर टोक टोचतं. त्याहून छळवादी असते ती ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार. ती बाहेरून दिसत नाही, आतून जेमतेम मिलिमीटरभर डोकावते आणि नखाला खरचटल्यासारखी जाणवते. ती चिमट्याने उपटली नाही तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसणार. महामार्गाच्या कडेला हीच तार जास्त सापडते.

कार्बन घेऊ का?

पहिली सायकल म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि शक्य असेल तर कार्बनचा पुढचा फोर्क, जो रस्त्याची थरथर थोडी शोषतो, ही जोडी पुष्कळ झाली. वजनाचा मोह आकड्यात मोजून बघा: एकूण ८५ किलोमधून एक किलो कमी झालं आणि घाट चढायला तुम्हाला ४० मिनिटं लागत असतील, तर वाचतो तो जेमतेम अर्धा मिनिट. सपाटीवर तेवढाही नाही. शिवाय पहिल्या वर्षात सायकल भिंतीवरून घसरते, गाडीच्या कॅरिअरवर आपटते. ॲल्युमिनियमला पोचा आला तर दिसतो. कार्बनला आत तडा गेला तर वरून कळेलच असं नाही. जुनी कार्बन सायकल अनोळखी माणसाकडून घेऊ नये ती याच कारणासाठी.

ब्रेकसाठी मात्र थोडे जास्त पैसे मोजावेत असं मला वाटतं. कोकणात उतरणारे घाट आणि चार महिने पाऊस, या दोन्हींत डिस्क ब्रेक रिमला घासणाऱ्या रबरी ब्रेकपेक्षा भरवशाचे ठरतात. ओल्या रिमवर रबर पकडायला क्षणभर उशीर करतं आणि चिखलाची कच रिम खात राहते. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक कुठेही दुरुस्त होतात. तेलावर चालणारे हायड्रॉलिक बोटभर दाबाने थांबवतात, पण त्यांच्या कामाला जाणता मेकॅनिक लागतो. गावात तसा मेकॅनिक नसेल तर तारेचेच घ्या.

एवढे कपडे आणि टोप्या कशाला?

हेल्मेटपासून सुरू करू. सायकलस्वाराला हेल्मेट घालायची कायद्याने सक्ती नाही, तरी ते न घालता मी कुणाला सोबत नेत नाही. आतला पांढरा फोम धडकेत चेपतो आणि डोक्याला बसणारा धक्का त्या चेपण्यात मुरतो, एवढं साधं त्याचं काम आहे. एकदा चेपलेला फोम पुन्हा उपयोगाचा नाही. म्हणून डोक्यावर असताना आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं. ईएन १०७८ (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) हे सुरक्षेचं मानक आतल्या लेबलवर शोधा. घातल्यावर भुवयांच्या वर दोनच बोटं जागा उरावी, पट्ट्या कानाच्या खाली एकत्र याव्यात, आणि पट्टा न लावता डोकं हलवलं तरी हेल्मेट जागचं हलू नये.

मग ती घट्ट चड्डी. ‘या वयात असलं घालून सोसायटीतून कसं जायचं?’ हे मला पुरुष आणि बायका दोघांनीही विचारलं आहे. हवी तर वरून सैल हाफ पँट किंवा ट्रॅकपँट घाला, कुणी काही म्हणत नाही; पण आतला पॅड सोडू नका. बैठकीची दोन हाडं आणि सीट यांच्यामध्ये तासन्तास घर्षण होतं. सुती कापड घाम धरून ठेवतं, शिवण रुतते, कातडी सोलवटते. पॅडची चड्डी थेट अंगाला घालायची असते, आत दुसरं काही नाही. घरी आल्यावर लगेच बदला आणि रोज धुवा, नाहीतर फोड येतात.

सीट दुखते म्हणून लोक जेलचं मऊ कव्हर आणतात. त्याने अर्धा तास बरं वाटतं, मग हाडं त्यात रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. सीट मऊ असण्यापेक्षा हाडांच्या रुंदीला बसणारी हवी. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सहसा जास्त असतं, त्यामुळे सायकलसोबत आलेली अरुंद सीट त्यांना बरेचदा सोसत नाही. पहिले दोन आठवडे सगळ्यांनाच थोडं दुखतं. त्यानंतरही बधिरपणा येत असेल तर उंची आणि कोन तपासा, मग सीट बदला.

दिवे भर दिवसाही लावावेत. मागचा लुकलुकणारा लाल दिवा उन्हातसुद्धा ट्रकवाल्याला लांबून दिसतो. पुढे जाऊन २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करायच्या असतील (वेळ साडेतेरा तास असतो) तर हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे आणि चमकणारं जाकीट लागणारच आहे. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तिथे शिरू नका. जुना महामार्ग धरा.

पायडलमध्ये अडकणारे बूट सध्या राहू द्या. साधे पसरट पायडल आणि जरा कडक तळाचे बूट घेऊन थांबणं, उतरणं, गिअर बदलणं हाताखाली येऊ द्या. नंतर हवे झालेच तर दोन स्क्रूचे, तळात खोल बसणाऱ्या क्लीटचे (पायडलमध्ये अडकणारा तुकडा म्हणजे क्लीट) घ्या, ते घालून चहाच्या टपरीपर्यंत चालता तरी येतं.

मग हिशेब कसा मांडायचा?

नवी, बऱ्यापैकी रोड सायकल साधारण तीस-पस्तीस हजारांपासून पुढे मिळते. ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा सायकलवर न घालता बाजूला काढा. पन्नास हजार असतील तर सायकल चाळीसची बघा. उरलेल्या दहात हेल्मेट, दोन पॅडच्या चड्ड्या, दिवे, पंप, पंक्चरचं सामान, दोन बाटल्या आणि त्यांचे पिंजरे बसतात. पन्नासच्या पन्नास सायकलवर लावणारे मग सुती पायजमा घालून, हवा कमी असलेल्या टायरवर निघतात आणि पहिल्याच मोठ्या फेरीत कंटाळतात. प्रश्न पैशांचा असेल तर हात आखडायचा तो सायकलवर. जुनी पण मापाची ॲल्युमिनियम सायकल घ्या, जाणत्या मेकॅनिकला दाखवून.

नेहमीच्या खर्चात चेन सगळ्यात महत्त्वाची. दर काही दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर चेनच्या तेलाचा एक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वर राहिलेलं तेल पुसून टाका. गंज सोडवायला वापरतात तो डब्ल्यूडी-४० चा फवारा हे चेनचं वंगण नव्हे, त्याने चेन लवकर कोरडी पडते. पावसात भिजून आलात तर हे काम त्याच दिवशी करा. चेन झिजते तशी ताणते आणि ताणलेली चेन कॅसेटचे दाते खाते. चेन मोजायची पट्टी स्वस्त मिळते, ती ०.७५ टक्क्यांची खूण दाखवण्याआधी चेन बदलली तर कॅसेट वाचते.

नव्या सायकलच्या तारा पहिल्या महिन्याभरात सैल पडतात आणि गिअर खडखडायला लागतात. सायकल बिघडली असं त्यात काही नाही, तारा पुन्हा ताणून घ्यायच्या असतात. ही पहिली सर्व्हिसिंग बरीच दुकानं फुकट करून देतात. पावती घेतानाच विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून तो काय करतो ते नीट बघा.